नभोवाणीचा शेजारधर्म

आकाशवाणीचे पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले आणि १ एप्रिल १९५५ पासून ‘गीतरामायणा’ची ५६ गीते तेथूनच घरोघर पोचली. संच मर्फीचा की फिलिप्सचा, हा भेद लहरींनी कधी मानला नाही. ज्याच्या घरी संच नसे, तो शेजाऱ्याच्या ओट्यावर बसून ऐके.

इंटरनेटवरील नभोवाणीला मात्र हा शेजारधर्म शिकावा लागला. १९९४ साली अमेरिकेत चॅपेल हिल येथील एका विद्यार्थी-केंद्राने आपले कार्यक्रम इंटरनेटवर सोडले. १९९५ साली ‘रिअलऑडिओ’ आले. मग प्रत्येक कंपनीने आपापली रीत काढली आणि एकीचा आवाज दुसरीच्या प्लेअरला उमजेना! ‘फ्लॅश’ने काही काळ सांधा जुळवला, परंतु आयफोनने त्याला दारातही उभे केले नाही, आणि २०२० अखेर तो मावळला. तत्पूर्वी, २०१४ साली पक्क्या ठरलेल्या ‘एचटीएमएल ५’ मध्ये ‘ऑडिओ’ ही एकच खूण सर्वांसाठी मुक्रर झाली होती. संकेतस्थळाच्या पानात ती घालून केंद्राच्या ध्वनिप्रवाहाचा पत्ता द्यावा. प्रवाह एमपी३ सारख्या सर्वमान्य रीतीचा असला, म्हणजे पान उघडणारे यंत्रच तो वाजवते.

वाचकहो, मी वारज्यात शिकवतो. माझ्या वर्गात कुणाच्या घरी संगणक आहे, तर कुणाजवळ आईचा जुना मोबाइल. शाळेच्या पानावर असा प्लेअर असावा, असा माझा आग्रह आहे. कारण त्या ओट्यावर दोघांनाही सारखीच जागा मिळेल.