मायक्रोफोनामागची खरखर

डिसेंबर १९३६ मध्यें पूर्व खानदेशांतील फैजपूर येथें काँग्रेसचें अधिवेशन भरलें. खेड्यांत भरलेलें तें पहिलेंच अधिवेशन. अध्यक्षस्थानीं पंडित जवाहरलाल नेहरू होते. त्याच वर्षीं जूनमध्यें सरकारी नभोवाणीला 'ऑल इंडिया रेडिओ' हें नांव मिळालें होतें. उघड्या मैदानावरील सभेंत वक्त्याचा आवाज मोठा आणि लोकांचा गलबलाहि मोठा. तेथें यंत्राच्या अंगच्या बारीक खरखरीकडे कोणाचें लक्ष जाणार? पुढें जळगांव आणि धुळें येथें आकाशवाणीचीं केंद्रें निघालीं. नभोवाणीच्या निःशब्द खोलींत एखादी वृद्धा हलक्या सुरांत जात्यावरची ओवी म्हणूं लागली, कीं तिचा सूर आणि यंत्राची खरखर यांत फारसें अंतर उरत नाहीं.

ही खरखर येते कोठून? १९१८ मध्यें जर्मनींत वाल्टर शॉट्की यांनीं दाखविलें कीं, निर्वात नळींतील विद्युत्प्रवाह अखंड धारेसारखा नसून पावसाच्या थेंबांसारखा तुटक असतो. १९२८ मध्यें अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेच्या जॉन जॉन्सन यांनीं दुसरा उगम मोजून दाखविला व हॅरी नायक्विस्ट यांनीं त्याचें गणित मांडलें. कोणत्याहि रोधकांतील विद्युत्कण उष्णतेमुळें सतत चळवळत असतात. त्या चळवळीचाच हा आवाज.

मग खानदेशच्या उन्हाळ्यांत तो किती वाढावा? त्याची शक्ति निरपेक्ष तपमानाच्या प्रमाणांत असते. पौषांतल्या पहांटेचे १० अंश म्हणजे निरपेक्ष २८३. वैशाखांतल्या दुपारचे ४५ अंश म्हणजे ३१८. वाढ सुमारें १२ टक्के, म्हणजे अवघा अर्धा डेसिबल! कानाला ती कळणारहि नाहीं. तेव्हां खरखर फार झाली, तर दोष उन्हाला देतां येत नाहीं.

दोष कोणाचा, हें मोजूनच ठरतें. मायक्रोफोनाच्या जागीं २०० ओहमचा रोधक जोडावा. २०,००० आवर्तनांच्या पट्ट्यांत त्याचा स्वतःचा दाब सुमारें पाव मायक्रोव्होल्ट असतो. ध्वनिवर्धकानें तो हजारपट केला, तर बाहेर पाव मिलिव्होल्ट दिसावा. ०.३५ दिसला, तर शक्ति दुप्पट झाली. निसर्गाइतकीच खरखर यंत्रानेंहि घातली. या तुलनेला १९४४ मध्यें हॅराल्ड फ्रिस यांनीं नेमकी व्याख्या दिली. रोधक न लावतां प्रवेशाचीं टोकें नुसतीं एकत्र जोडून मोजलें, तर आंकडा अधिक सुरेख येतो. परंतु प्रत्यक्ष मायक्रोफोन जोडल्यावर यंत्र कसें वागेल, हें त्यावरून पुरतें कळत नाहीं.

हा सारा खटाटोप पहिल्याच ध्वनिवर्धकाबद्दल करावयाचा, कारण त्यानें घातलेली खरखर पुढचीं सारीं यंत्रें आवाजाबरोबरच वाढवीत नेतात. मोठ्या आवाजाच्या वक्त्याचें त्यानें फारसें बिघडत नाहीं. बुडते ती वृद्धेची ओवी. आणि तिच्या मागें ती पुन्हां म्हणणारें कोणी असेलच, असें नाहीं.