शिक्षकी पत्करावी का?

गेल्या दिवाळीत क्रांती चौकात एका जुन्या विद्यार्थ्याने मला गाठले. "सर, हायस्कुलात शिक्षक होऊ, की दुसरे काही पाहू?" पगार, बदली, मान, सारा हिशेब त्याने मांडला.

आम्ही उभे होतो तिथे पूर्वी काळा चबुतरा होता. 1857 च्या जूनमध्ये इथल्या छावणीतील घोडदळाचे शिपाई इंग्रजांविरुद्ध उठले. त्यांतील कित्येकांना ह्या जागी देहदंड झाला. म्हणून हा क्रांती चौक. मला मात्र त्या वेळी एक शिक्षक आठवला.

त्यांचे नाव व्यंकटेश खेडगीकर, जन्म 1903. 1920 साली लोकमान्य गेले, तेव्हा ह्या मुलाने आजन्म ब्रह्मचर्य व देशसेवेचे व्रत घेतले. पुढे एम. ए. होऊन ते कामगार पुढारी ना. म. जोशी ह्यांच्या हाताखाली राबले. दुखण्याने ते काम सुटले आणि 1929 साली ते निजामी राज्यातील हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आले.

त्या राज्यात सरकारी शिक्षणाची भाषा उर्दू. 1918 साली निघालेले उस्मानिया विद्यापीठही उर्दूच. खासगी शाळांवर सरकारची करडी नजर. तिथे मराठी मुलांना मराठीतून शिकवणे हेच धाडस होते.

1932 साली त्यांनी संन्यास घेतला व ते स्वामी रामानंद तीर्थ झाले. लोक संन्यास घेऊन घर सोडतात. ह्यांनी भगवी वस्त्रे घातली, पण शाळा सोडली नाही! 1935 पासून ते अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत मुख्याध्यापक होते.

1938 साली मात्र प्रश्न उलटा आला: शिक्षक राहू की नको? स्वामींनी शाळा सोडली, सत्याग्रह केला, तुरुंग पत्करला. 17 सप्टेंबर 1948 रोजी निजामी राजवट संपली. 1957 साली ह्याच औरंगाबादने त्यांना लोकसभेत पाठवले.

हे ऐकून विद्यार्थी म्हणाला, "पण सर, स्वामींना प्रपंच नव्हता."

खरे होते. घर चालवणाऱ्याने पगार विचारावा. त्यात लाज नाही. मी त्याला म्हटले, "बाबा रे, पगार विचार, पण तो दुसरा प्रश्न. स्वामींनी पहिला प्रश्न विचारला, आपली गरज कुठे आहे? त्याच उत्तराने त्यांना शाळेत आणले आणि त्यानेच बाहेरही नेले. शेवटच्या बाकावरच्या पोराचे नाव पहिल्या आठवड्यात तुला पाठ होणार असेल, तर खुशाल शिक्षक हो."

तो हसला. "आमच्या वर्गात शेवटच्या बाकावर मीच होतो, सर."

नाव मला पाठ होते.