एमएस्सी नाही म्हणून

पीएचडीच्या किंवा रिसर्च फेलोच्या जाहिराती कधी निवांत वाचल्या आहेत? मला तो नादच आहे. (स्वतः काही करणार नाहीये, ते सोडा.) त्यात 'किमान पात्रता' अशी एक ओळ असते. ती दिसली की मला अन्ना मणी आठवतात. आपल्याकडच्या अण्णांशी काही संबंध नाही बरं का, या बाई. जन्म 1918, त्रावणकोरमधलं पीरमेड. आठव्या वाढदिवसाला घरच्या रिवाजाप्रमाणे हिऱ्याच्या कुड्या मिळणार होत्या, त्याऐवजी हिने ब्रिटानिका ज्ञानकोश मागून घेतला!

पण हिरे नशिबात होतेच. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून बीएस्सी ऑनर्स करून 1940 साली शिष्यवृत्तीवर त्या बंगलोरला इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये आल्या, थेट सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत. रामनना तेव्हा हिऱ्यांनी झपाटलं होतं. मणींनी तिथे तीसहून अधिक हिऱ्यांचे वर्णपट घेतले. काम चिकाटीचं. हिरा द्रवरूप हवेच्या तापमानाला ठेवायचा, प्रकाश इतका क्षीण की एका फोटोप्लेटला पंधरा-वीस तास लागायचे. कित्येकदा रात्री प्रयोगशाळेतच झोपायचं. 1942 ते 1945 या काळात त्यांनी एकटीच्या नावावर पाच शोधनिबंध छापले. एकटीच्या! आजच्या पीएचडीवाल्यांना विचारा, हे किती जणांना जमतं ते.

ऑगस्ट 1945 मध्ये त्यांनी प्रबंध दिला. संस्थेला तेव्हा स्वतः पदवी देता येत नसे, ती मद्रास विद्यापीठाकडून यायची. विद्यापीठ म्हणालं, यांच्याकडे एमएस्सी कुठे आहे? झालं. पीएचडी नाही. संशोधन करायला घेताना जे आडवं आलं नाही, ते कागद करताना आलं. मला यात विद्यापीठाचा नुसता कोडगेपणा दिसतो, दुसरं काही नाही. (2022 पासून यूजीसीच्या नियमांत चार वर्षांची पदवी आणि 75 टक्के गुण असतील तर एमएस्सीशिवाय पीएचडीला बसता येतं. 77 वर्षं लागली.)

पुढे सरकारी शिष्यवृत्तीवर त्या इंग्लंडला गेल्या. इच्छा फिजिक्सची, पण जागा होती हवामानाच्या उपकरणांची. ती घेतली. 1948 साली परतल्या त्या आपल्या पुण्यात, वेधशाळेत. शिवाजीनगरच्या ज्या चौकात आपण सिग्नलला ताटकळतो ना, तेच 'शिमला ऑफिस'. स्वातंत्र्यापूर्वी साधे थर्मामीटर, बॅरोमीटरसुद्धा बाहेरून यायचे. मणींनी शंभरएक उपकरणांची ड्रॉइंग्ज प्रमाणित करून ती इथेच बनवायला घेतली. हाताखाली 121 पुरुष. 1957-58 च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षात देशभर सौर प्रारण मोजणारी केंद्रं उभारली. 1976 साली उपमहासंचालक म्हणून निवृत्त झाल्या आणि नंतरही सौर व पवन ऊर्जेच्या आकडेवारीचे ग्रंथ काढत राहिल्या.

पीएचडी राहिल्याचं त्यांनी कधी फारसं मनाला लावून घेतलं नाही म्हणे. त्यांचा मोठेपणा! मला मात्र तो प्रबंध छळतो. बंगलोरच्या रामन रिसर्च इन्स्टिट्यूटच्या ग्रंथालयात तो ठेवला गेला, बाकीच्या प्रबंधांसारखीच बांधणी करून. नुसता बघून कुणाला कळणारही नाही, कुठल्याला पदवी मिळाली आणि कुठल्याला नाही ते.