घंटा टिकल्या, पत्रा गंजला : वसईची खारी हवा आणि जुनी बजाज स्कूटर

१७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांच्या फौजेने वसईचा किल्ला घेतला. तेथील चर्चमधल्या घंटा पुढे मराठी मुलखातील देवळांत पोहोचल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातील घंटा त्यांपैकीच एक. इतके पावसाळे सोसूनही ती धड आहे, कारण ती काशाची आहे. वसईच्या हवेत राहिलेल्या लोखंडाला मात्र हे भाग्य लाभले नाही.

पश्चिमेस अरबी समुद्र, दक्षिणेस वसईची खाडी आणि नायगाव-जूचंद्रच्या बाजूला मिठागरे, अशी या भूमीची बैठक आहे. वाऱ्यावरचे मीठ पत्र्यावर बसते, हवेतला ओलावा ओढून घेते आणि गंजाला वेग देते. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून तो रंगाला आतून उचलतो. वरून रुपयाएवढा दिसणारा पोपडा खरवडला की खाली तळहाताएवढा पत्रा खाल्लेला सापडतो.

मग गंजलेली स्कूटर विकून नवी का घेतली जात नसे? याचे उत्तर त्या काळच्या अर्थव्यवस्थेत आहे. १९६० पासून स्कूटरची विक्री व वाटप सरकारी नियंत्रण आदेशाखाली आले. उत्पादन परवान्याने बांधलेले होते आणि मागणी त्याच्या कितीतरी पुढे. आकुर्डीच्या बजाज ऑटोने इटलीच्या पियाज्जो कंपनीशी करार करून व्हेस्पा बनवली. १९७१ मध्ये तो करार संपला आणि १९७२ मध्ये 'चेतक' आली. तिच्यासाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे आणि वापरलेली स्कूटर कित्येकदा नव्या किमतीहून महाग विकली जाई. अशा काळात घरातली स्कूटर जगवणे हा छंद नव्हता, संसाराचा हिशेब होता.

या स्कूटरच्या गंजाला विशेष अर्थ होता. व्हेस्पाचा रचनाकार कोर्रादिनो दास्कानिओ हा मूळचा विमानांचा अभियंता. १९४६ च्या एप्रिलमध्ये पेटंटसाठी दाखल झालेल्या त्याच्या आराखड्यात वेगळा सांगाडा नव्हता. दाबून घडवलेला पत्राच सगळा भार पेलत असे. मुंबईत 'ऑटोमोबाईल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया' बनवत असलेल्या लॅम्ब्रेटाचे तसे नव्हते. तिची मूळ कंपनी इनोचेंती पोलादी नळ्यांच्या धंद्यातली, म्हणून तिच्या पोटात जाड नळीचा कणा असे. लॅम्ब्रेटाचे पॅनेल गंजले तर तिचे रूप जाई. बजाजच्या पायाखालचा पत्रा गंजला तर कणाच मोडकळीस येई. वसईत वाहन घेणाऱ्याने हा फरक आधी विचारात घ्यायला हवा होता. पण ज्याला जे मिळेल ते घ्यायचे, त्या काळात निवड कसली?

गंजाच्या जागाही ठरलेल्या. पायाखालच्या रबरी पट्ट्यांच्या कडेला पाणी साचते. पुढच्या चाकाने उडवलेला चिखल खालून चिकटतो. ब्रेकचे पायडल जिथून आत जाते ते भोक, बॅटरीचे आम्ल सांडणारा कोपरा आणि दोन भागांच्या चाकाच्या रिमवरील नटांभोवतीची जागा, इथून पत्रा खायला सुरुवात होते.

घरची दुरुस्ती पावसाळ्यापूर्वी होई. टाकीतले पेट्रोल काढायचे, बॅटरी उतरवायची आणि स्कूटर गोणपाटावर आडवी करायची. जॅम झालेल्या नटांवर रॉकेल सोडून रात्रभर थांबायचे. मग तारेचा ब्रश, पॉलिश पेपर आणि चकचकीत धातू दिसेपर्यंत घासणे. पुष्कळांची चूक याआधीच्या पायरीवर होई. चिखल व मीठ गोड्या पाण्याने धुऊन पत्रा पूर्ण वाळवण्याआधीच खालून जळके ऑईल फासले जाई. तेल वरून पाणी अडवते हे खरे, पण आत कोंडलेले मीठ आपले काम चालूच ठेवते.

घासलेल्या पत्र्यावर रेड ऑक्साईडचा हात फिरे. त्यापूर्वीच्या काळात लोखंडी पुलांना व जहाजांना शेंदूर लावत. शेंदूर म्हणजे शिशाचे ऑक्साईड. विषारी, पण गंज रोखण्यात नामांकित. रेड ऑक्साईडमधला लाल रंग मात्र लोखंडाच्याच ऑक्साईडचा, म्हणजे गंजाच्याच कुळातला! त्यात मिसळलेले जस्ताचे क्षार आणि त्याला बांधून ठेवणारे माध्यम यांमुळे तो पत्र्याचे रक्षण करतो.

भोक पडले की घरगुती कौशल्य संपते. भोकावर लांबी भरून रंग मारला की स्कूटर नवी दिसते, पण लांबी भार पेलत नाही. सडलेला भाग कापून नवा पत्रा झाळणे हाच उपाय, आणि पातळ पत्रा गॅसच्या आचेने वाकडा होतो, म्हणून तिथे कसबी डेंटरच हवा. झाळण्याआधी टाकी काढून दूर ठेवायची, हे त्याला सांगावे लागत नसे.

बजाजने २००९ मध्ये स्कूटर थांबवण्याची घोषणा केली. उरलेल्या जुन्या स्कूटरींवर बहुधा एमएच-०४ ची पाटी असते, कारण २०१४ पर्यंत वसई ठाणे जिल्ह्यातच होती. आता वसई-विरारची नवी वाहने एमएच-४८ ची. पंधरा वर्षांनंतर दुचाकीची नोंदणी नव्याने करण्याचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ३०० वरून १,००० रुपये झाले. तपासणीत चॅसी क्रमांकावर कागद धरून पेन्सिलने घासतात आणि त्याचा ठसा घेतात. या स्कूटरवर तो क्रमांक बाजूच्या पॅनेलखाली, पत्र्यावरच ठोकलेला असतो. गंजाने तो पुसला गेला किंवा उत्साही हाताने पॉलिश पेपर जरा जास्तच फिरवला, तर ठणठणीत स्कूटरही कागदोपत्री आपली ओळख गमावते. म्हणून जुने जाणकार घासायला बसण्याआधी ते आकडे हलक्या हाताने स्वच्छ करतात, त्यांवर ग्रीसचा पातळ थर देतात आणि तेवढी जागा चिकटपट्टीने झाकून मगच ब्रश उचलतात.