बॉलिंगचा बॉल वळतो कसा? तेल, बॉल आणि अंगठ्याची गोष्ट

रीलमध्ये प्रो बॉलरचा बॉल गटरच्या काठाने जातो आणि शेवटी झपकन आत वळून दहाच्या दहा पिना पाडतो. ते पाहून गेम झोनमध्ये मनगट पिरगाळणारे बरेच जण मला दिसतात. बॉल सरळच जातो, मनगट मात्र दुखतं. कारण ते वळण एकट्या हाताचं नसतंच.

खरी गंमत लेनवरच्या तेलात आहे. हो, तेल! फाउल लाइनपासून पहिल्या पिनपर्यंत लेन ६० फूट लांब असते. त्यातल्या साधारण पहिल्या ४० फुटांवर मशीनने तेलाचा पातळ थर दिलेला असतो. तेलावर बॉल घसरत जातो, पुढे कोरड्या भागात त्याला पकड मिळते आणि तो वळतो.

पण रॅकवरचा बॉल गुळगुळीत प्लास्टिकचा असतो, त्यामुळे त्याला कोरड्या भागातही फारशी पकड मिळत नाही. प्रोंचा बॉल १९९० च्या दशकात आलेल्या रिअॅक्टिव्ह रेझिनचा. त्याच्या कवचाला सूक्ष्म छिद्रं असतात, ती तेल शोषतात. शिवाय आतला कोर मुद्दाम असा घडवतात की फिरताना बॉलचा अक्ष थोडा थोडा सरकतो आणि दर फेरीला कवचाचा नवा, तेल न लागलेला भाग लेनला टेकतो. म्हणून नवशिक्यांनी रॅकवरच्या बॉलने सरळच टाकावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

बॉलवरचा आकडा पौंडांत असतो. कमाल १६, म्हणजे सव्वासात किलो. आपल्या वजनाच्या दहाव्या भागाइतका बॉल घ्या, जड वाटला तर खुशाल कमी करा. वजनापेक्षा मी अंगठ्याचं भोक आधी बघतो. मधलं बोट आणि अनामिका दुसऱ्या पेरापर्यंत, अंगठा मात्र पूर्ण आत जायला हवा आणि सहज बाहेरही यायला हवा. तो अडकला तर दुखापत ठरलेली.

शूजचा तळ गुळगुळीत असतो, कारण शेवटचं पाऊल घसरवायचं असतं. तळाला पाणी लागलं की पाय अचानक थांबतो आणि माणूस तोंडावर! फाउल लाइन ओलांडू नका. गुण शून्य होतातच, वर पलीकडे तेल असतं.

टाकताना नजर पिनांवर नको, लेनवरच्या बाणांवर ठेवा. ते जवळ असतात, नेम सोपा जातो. उजव्या हाताने टाकणाऱ्यांनी बॉल १ आणि ३ नंबरच्या पिनांच्या मधे न्यायचा.

आता फोन काढा. मित्राला मागे उभं करून २४० एफपीएसवर स्लो मोशन घ्या. बॉल पिनांपर्यंत अडीच सेकंदांत पोचला तर ६०० फ्रेम्स मिळतात. (दिव्यांमुळे व्हिडिओ लुकलुकला तर १२० वर या.) त्यात बोटांची भोकं बघा. ती चाकासारखी पुढे फिरत असतील तर उत्तम. बॉल भोवऱ्यासारखा जागच्या जागी गरगरत असेल तर तुम्ही मनगट पिरगाळताय. मग पुढचा बॉल शेकहँडला हात पुढे करतो तसा सोडून बघा.