पोत भिंतीचा की कागदाचा?

बुलढाणा जिल्ह्यातील बीबी हे गाव लोणार तालुक्यात येते. लोणारच्या पडक्या मंदिरांची छायाचित्रे रॉबर्ट गिल यांनी १८६०च्या दशकात घेतली. अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करणारे हेच ते गिल. त्यातल्या बहुतेक प्रतिकृती १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या.

त्याआधी टॅलबॉट यांच्या १८४१च्या पद्धतीत निगेटिव्ह कागदावर तयार होई. छपाईच्या वेळी प्रकाश त्या कागदातून जाई आणि तंतूंची जाळी चित्रात उतरे. दगड खरबरीत दिसे खरा, पण तो खरबरीतपणा काही अंशी कागदाचा असे! १८५१मध्ये आर्चर यांनी कलोडियनचा थर काचेवर दिला. जाळी गेली, चिऱ्यांचे सांधे स्पष्ट झाले. आकाश मात्र दोन्ही पद्धतींत पांढरेफटक येई, कारण रसायने निळ्या प्रकाशाला फार संवेदनशील होती. लिनियस ट्राइप यांनी तर १८५५च्या ब्रह्मदेशातील निगेटिव्हवर ढग रंगवून घातले.

आज संगणकावर पोत चढवतात तो बहुधा गुणाकाराने. भिंतीवरच्या बिंदूचे तेज ०.८ आणि पोताचे ०.५ असेल, तर उत्तर ०.४. आता नुसत्या ०.४वरून मूळ संख्या कशी ओळखणार? भेग भिंतीची की पोताची, हेही मग कळत नाही. पडका वाडा वीस वर्षांनी किती ढासळला हे पाहायला असे चित्र निरुपयोगी. विद्यार्थ्यांनी पोत जरूर चढवावा, पण प्रतीवर. मूळ छायाचित्रात भिंतीलगत एक फूटपट्टी असावी, आणि सोबत तारीख व दिशा नोंदलेली.