बेचाळीस मीटरची तार

झिरोचा बल्ब आपण सगळ्यांनीच पाहिलेला आहे. देवघरात, न्हाणीघराबाहेर, लहान मूल झोपतं त्या खोलीत. नाव झिरोचं असलं तरी जुना काचेचा बल्ब दहा-पंधरा वॅट वीज खायचा. त्याच्या निम्म्याहून कमी, म्हणजे फक्त पाच वॅट शक्तीवर ओझरच्या गच्चीवरून थायलंडमधल्या किंवा रशियातल्या माणसाला मोर्समध्ये हाक मारता येते आणि आकाशाची साथ असेल तर उत्तरही येतं, असं मी सांगतो तेव्हा ऐकणारा 'कवी आहे, चालायचंच' अशा नजरेने बघतो. पण ज्यांना जगभर हॅम म्हणतात ते हौशी रेडिओवाले हे नेहमी करतात. मोर्सला पाच वॅट आणि बोलण्याला दहा, ही त्यांनी आपसांत मानलेली कमी शक्तीची मर्यादा.

एवढ्याशा शक्तीतला थेंबही वाया घालवून चालत नाही. त्यासाठी यंत्र आणि गच्चीवरची तार यांच्यामध्ये एक लहान डबा बसवतात. त्याला अँटेना ट्यूनर म्हणतात. आज या डब्याविषयी बोलायचं आहे, आणि त्याच्या निमित्ताने १९४२ सालच्या मुंबईविषयी.

सतारीत वरच्या तारांखाली तरफेच्या तारा असतात. त्यांना कोणी छेडत नाही. वर योग्य सूर लागला की त्या आपोआप बोलतात, आणि सूर जरा हलला की गप्प होतात. ऑलिव्हर लॉज या इंग्रज शास्त्रज्ञाने १८८९ मध्ये विजेच्या बाबतीत हेच दाखवलं. वीज साठवणाऱ्या दोन बरण्या, प्रत्येकीला तारेचं एक वेटोळं. एका बरणीत ठिणगी पाडली की दूर ठेवलेल्या दुसरीतही ठिणगी पडायची, पण दोन्ही वेटोळी एकाच मापाला जुळलेली असली तरच. १८९७ मध्ये त्याने या जुळवणीचं पेटंट मागितलं. मार्कोनीचं सात-सात-सात-सात क्रमांकाचं प्रसिद्ध पेटंट १९०० सालचं. पुढे दोघांच्या पेटंटांवरून बरीच वकिली झाली. ती सोडून देऊ.

आपल्या डब्याचं काम या जुळवणीचंच पुढचं पाऊल आहे. हॅमचं यंत्र साधारणपणे पन्नास ओहमच्या भाराशी जुळेल असं बनवलेलं असतं. गच्चीवरच्या तारेचा स्वभाव मात्र तिची लांबी, उंची, शेजारची पाण्याची टाकी, लोखंडी कठडा अशा दहा गोष्टींवर ठरतो. तो पन्नास ओहम निघाला तर नशीब समजायचं. जुळत नसेल तर शक्तीचा काही भाग तारेच्या तोंडाशी जाऊन परत फिरतो. तीनास एक इतका बिघाड असेल तर पाव भाग परत येतो, म्हणजे पाचातला सव्वा वॅट. ट्यूनर तारेला सुधारत नाही आणि शक्ती वाढवत नाही. एक वेटोळं आणि एक-दोन कंडेन्सर घेऊन तो दोन न जुळणाऱ्या स्वभावांमध्ये दुभाषाचं काम करतो.

ओझरला हा डबा बनवणं सोपं आहे. १९६४ साली इथे एचएएलचा विमान कारखाना आला, मिग विमानं बनू लागली, आणि गावात हातात सोल्डरिंगची इस्त्री धरता येणारी माणसं तयार झाली. भोवताली द्राक्षबागा आहेत. उन्हाळ्यात पंपाच्या मोटारी जळतात, म्हणून मोटार रिवाइंडिंगची दुकानं आहेत आणि तिथे वेटोळ्याला लागणारी लाखेची तांब्याची तार किलोने मिळते. बागेच्या पाइपाचा वीतभर तुकडा घ्यायचा, त्यावर तार गुंडाळायची, काही वेढ्यांनंतर एकेक फाटा बाहेर काढायचा आणि ते सगळे फाटे एका फिरत्या स्विचला जोडायचे. कंडेन्सर म्हणून जुन्या रेडिओतला गँग चालतो, तोच, ज्याची पातं एकमेकांत शिरताना आपण लहानपणी टक लावून पाहायचो. शंभर वॅटला त्या पात्यांमध्ये ठिणग्या उडतील. पाच वॅटला काही होत नाही, म्हणून तर कमी शक्तीचा ट्यूनर भंगारातून बनतो. फक्त गँगच्या दांड्यावर प्लॅस्टिकची लांब मूठ बसवावी. उघड्या दांड्याजवळ हात नेला की जुळलेलं बिघडतं.

जुळलं हे कळायला मीटर लागत नाही. पन्नास ओहमचे तीन रेझिस्टर आणि चौथ्या जागी अँटेना असा एक चौकोन करायचा आणि मध्ये छोटा एलईडी लावायचा. हा व्हीटस्टनचा पूल. शाळेत आपण त्याच्यावर गणितं सोडवली. मुळात तो सॅम्युएल ख्रिस्ती यांनी १८३३ मध्ये मांडला आणि व्हीटस्टन यांच्या नावाने प्रसिद्ध झाला. इथे दिवा उलटा वागतो. जुळत नसेल तेव्हा तो पेटतो आणि जुळलं की विझतो.

आता मुंबईकडे वळतो. १९३९ मध्ये महायुद्ध सुरू झालं आणि सरकारने हॅम मंडळींची लायसन्सं बंद केली. त्यानंतर घरात प्रक्षेपण यंत्र ठेवणं हाच गुन्हा होता. ऑगस्ट १९४२ मध्ये 'छोडो भारत'चा ठराव झाला, नेते तुरुंगात गेले, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला. २७ ऑगस्टला काँग्रेस रेडिओ बोलू लागला. आपण भारतातल्या कुठल्याशा ठिकाणाहून, ४२.३४ मीटरवर बोलत आहोत, असं तो सांगायचा. आवाज होता उषा मेहतांचा, बावीस वर्षांच्या विद्यार्थिनीचा. राममनोहर लोहिया, अच्युतराव पटवर्धन, मोइनुद्दीन हॅरिस अशी माणसं मजकुरामागे होती. सेन्सॉरने अडवलेल्या चिमूर-आष्टीच्या अत्याचारांच्या बातम्या या रेडिओने लोकांपर्यंत नेल्या.

या ४२.३४ मीटरचं गणित मी एकदा सहज कागदावर मांडलं. ते निघतं ७.०८ मेगाहर्ट्झ. आज भारतातल्या हॅमना ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झचा जो पट्टा मिळाला आहे, त्याच्या आतली ही जागा. म्हणजे काँग्रेस रेडिओची लहर आणि माझ्या डब्याची लहर एकच. या लहरीला अर्ध्या लांबीची तार हवी असेल तर ती एकवीस मीटर, जवळजवळ सत्तर फूट लागते. गिरगावच्या दाटीत सत्तर फूट तार टांगून बघा.

आणि ती एकदा टांगून भागत नव्हतं. हवेतल्या लहरीची दिशा शोधता येते, पोलीस शोधतच होते, म्हणून जागा पुन्हापुन्हा बदलाव्या लागल्या. चौपाटीवरच्या सी व्ह्यू इमारतीपासून गिरगावातल्या पारेख वाडीपर्यंत हा प्रवास झाला. घर बदललं की तारेचा स्वभाव बदलतो आणि जुळवणी पहिल्यापासून करावी लागते, हे कुठलाही हॅम सांगेल. ही यंत्राची बाजू सांभाळत होता नरिमन प्रिंटर नावाचा पारशी तंत्रज्ञ. शिकागो रेडिओ कंपनीचे नानक मोटवाने यांनीही मदत केली होती.

१२ नोव्हेंबरला प्रिंटरनेच पोलिसांना पारेख वाडी दाखवली. पोलीस आत शिरले तेव्हा वंदे मातरम् लागलेलं होतं. खटला चालला आणि १९४३ मध्ये निकाल लागला. बाबूभाई खाकर यांना पाच वर्षं, उषाबेनना चार, चंद्रकांत झवेरींना एक. मोटवाने सुटले. उषाबेन १९४६ मध्ये येरवड्याहून बाहेर आल्या, पुढे प्राध्यापक झाल्या, १९९८ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं, ११ ऑगस्ट २००० रोजी त्या गेल्या.

प्रिंटरला इतिहासात 'फितूर' हा एकच शब्द मिळाला आहे. तो खोटा नाही. बाईंनी चार वर्षं काढली, त्यांच्या बाजूने पाहिलं तर दुसरा शब्द सुचणारही नाही. पण ज्याने गँग फिरवून कधी तार जुळवली आहे, त्याला एवढ्यावर थांबता येत नाही. ते अठ्ठ्याहत्तर दिवस ज्या आवाजाने देश जागा ठेवला, तो आवाज या माणसाच्या हातांतून बाहेर जात होता. फितुरी लिहिताना ते हातही त्याच ओळीत लिहिले पाहिजेत, असं मला वाटतं. शूराची गोष्ट आपण नीट सांगतो, भ्यालेल्याची सांगायला आपल्याकडे शब्दच कमी आहेत.

गच्चीवर तार बांधायला आज लायसन्स लागतं आणि त्यासाठी परीक्षा द्यावी लागते. बारा वर्षांच्या मुलालाही ती देता येते. आमच्याकडे हवाई दलाचा डेपो जवळ, त्यामुळे तार दिसली की लोक विचारतात. तुझ्या नावाच्या माणसाने लायसन्स फ्रेम करून दाराशीच लावावं, असं एक मित्र गमतीने म्हणाला. मी लावलं आहे.

सुट्या भागांची चणचण अजून आहे, पण त्यावरही माणसं वाट काढतात. हैदराबादच्या अशहर फरहान यांनी बिटएक्स नावाचा हॅम संच रचला. त्यात परदेशी गोल गाभे मिळेनात म्हणून त्यांनी नळाच्या वॉशरवर वेटोळी गुंडाळायला सांगितलं. हार्डवेअरच्या दुकानात मी ते वॉशर मागितले तेव्हा दुकानदाराने कुठला नळ गळतो म्हणून विचारलं.

७.०८ वर आज सकाळी कोल्हापूरचा आणि हुबळीचा, असे दोघे बोलत होते. कोणाकडे किती पाऊस झाला ते विचारून झालं, मग बराच वेळ एकाच्या अँटेनावर. पेरूच्या झाडाची फांदी वाढून तारेला टेकली होती आणि त्याचा ट्यूनर काही केल्या जुळत नव्हता. फांदी बायकोने लावलेल्या झाडाची होती, त्यामुळे तोडायची सोय नव्हती.